एकतिसावी बाई

मराठी माणसाला सिल्वासा दोन कारणांनी ठाऊक असतं. पहिलं १९५४ सालचं. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे अशी मंडळी पोर्तुगीजांवर चालून गेली, लता मंगेशकरांनी मोहिमेसाठी गाण्याचा कार्यक्रम करून पैसे उभे करून दिले आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. दुसरं कारण शनिवारी दुपारी वापीवरून आत वळणाऱ्या गाड्यांना विचारा. गुजरातेत दारूबंदी आहे, सिल्वासात नाही, एवढं सांगितलं की पुरे. या दोन कारणांच्या मध्ये सत्तर वर्षं पडली. तेवढ्यात तिथे काय घडलं, हे विचारायचं आपल्याकडून राहूनच गेलं.

घडलं असं की कारखाने आले. करसवलतींच्या गुळाला लागून आले, एकामागून एक आले आणि मसाट, पिपरिया, खडोली, राखोली ही पाड्यांची नावं बघता बघता मालाच्या पावत्यांवर छापली जाऊ लागली. त्यात मोठा वाटा धाग्याचा. आपण ज्याला कौतुकाने सिल्क म्हणतो आणि दुकानदार ज्याला मनातल्या मनात पॉलिएस्टर म्हणतो, तो धागा. तुमच्या खिडकीचा पडदा किंवा मुलाचा गणवेश या पट्ट्यातून कधीतरी गेला असण्याची शक्यता बरीच आहे. तुम्ही गेला नसाल तरी तो गेलाय.

याच सिल्वासात डोकमर्डी आहे. अब्दुल कलामांच्या नावाचं सरकारी महाविद्यालय इथे आहे, दमणगंगा जवळ आहे, कारखाने आसपास आहेत आणि वारली, कोकणा, धोडिया घरांतल्या पोरी कॉलेजच्या फाटकातून आत-बाहेर करत असतात. कॉलेजचं फाटक त्यांना उघडलं. पुढच्या फाटकाची गोष्ट जरा निराळी आहे.

आधी एक आकडा. दादरा आणि नगर हवेलीत १९९१ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९५२ बायका होत्या. २००१ मध्ये ८१२ झाल्या. २०११ मध्ये ७७४. (शेजारच्या दमण जिल्ह्यात तर ५३४, म्हणजे तिथे प्रत्येक बाईला जवळजवळ दोन पुरुष वाट्याला येतात. ही चैन आहे की शिक्षा, ते दमणच्या बायकांनी ठरवावं.) आकडा पाहून पहिला विचार वाईटच येतो, की वीस वर्षांत इतक्या बायका गेल्या कुठे? तर कुठेच गेल्या नाहीत. पुरुष आले. बिहारमधून, उत्तर प्रदेशातून, ओडिशातून आले, एका खोलीत आठ-आठ जण राहिले आणि कामाला लागले.

म्हणजे हिशेब असा. दीड हजार किलोमीटरवरून पुरुष नोकरीला येऊ शकतो आणि चार किलोमीटरवरून बाई येऊ शकत नाही. यावरून शहाण्या लोकांनी निष्कर्ष काढला की बाईत कौशल्य कमी आहे.

निष्कर्ष निघाला की योजना निघते आणि योजना निघाली की शिलाई मशीन निघतं. देशात १९७९ साली ग्रामीण तरुणांसाठी ट्रायसेम आली, १९८२ मध्ये बायकांसाठी ड्वाक्रा, १९८६-८७ मध्ये स्टेप, २०१४ मध्ये दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आणि २०१५ मध्ये पंतप्रधान कौशल्य विकास योजना. सरकारं बदलली, आद्याक्षरं बदलली, फोटोतले चेहरे बदलले. मागे टेबलावर ठेवलेलं काळं मशीन तेच, आणि त्याच्यासमोर पदर सावरून बसलेली, कॅमेऱ्याकडे बघ म्हटल्यावर सुईकडे बघणारी बाईही तीच.

या मशीनवर देशाची इतकी श्रद्धा आहे की ती भामट्यांनाही कळली. ‘प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन योजने’चे निरोप मोबाइलवर फिरू लागले तेव्हा अशी योजनाच नाही, असा खुलासा सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाला करावा लागला. बायकांना काय कबूल केलं म्हणजे त्यांचा चटकन विश्वास बसतो, याचा त्या भामट्यांनी केलेला अभ्यास एखाद्या आयोगाला लाजवील.

कौशल्य योजनेत शिवणाच्या अभ्यासक्रमाचं एक अधिकृत नाव आहे, ते मला फार आवडतं: ‘सेल्फ एम्प्लॉइड टेलर’. रोजगार मिळावा म्हणून प्रशिक्षण द्यायचं आणि तुला कोणी कामावर ठेवणार नाही, हे अभ्यासक्रमाच्या नावातच सांगून टाकायचं. एवढा प्रामाणिकपणा सरकारी कागदात विरळाच. तीस जणींचा वर्ग शिकून बाहेर पडला की एका वस्तीत तीस टेलर तयार होतात. त्या तीस जणींनी एकमेकींचे ब्लाउज शिवले तरी दिवाळीपर्यंत काम संपतं. ज्या वारली म्हातारीने जन्मभर आखूड लुगडं नेसलं, तिच्याकडे मापं घ्यायला जाण्यात अर्थ नाही. राहिलेल्यांना बाजारात तयार कुर्ती शिलाईपेक्षा स्वस्त मिळते. ती कुर्ती पॉलिएस्टरची असते. धागा कुठला, ते वर आलंच आहे.

शिवणाला नावं ठेवायची नाहीत मला. दुपारी दोन तास घराबाहेर पडायला मिळणं आणि सासूला सांगायला ‘क्लास’ हा शब्द मिळणं, हे काही थोडं नाही. वर्गातल्या बायका खुशीत असतात. पण घराबाहेर पडल्याचा आनंद हा रोजगार म्हणून मोजायचा असेल तर मग हळदीकुंकवालाही अनुदान द्या.

आता जरा कारखान्यात डोकावू. टेक्श्चरायझिंगच्या यंत्रात अर्धाकच्चा धागा एका बाजूने आत जातो, तापतो, पिळला जातो, फुगतो आणि दुसऱ्या बाजूला गुंडाळून बाहेर येतो. माणसाचं काम काय? क्रील नावाच्या मांडणीवर बॉबिन चढवायची, धागा ओवायचा, तुटला तर जोडायचा, भरलेली बॉबिन उतरवायची. ओवणं, जोडणं, गुंडाळणं. ही क्रियापदं ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर मिशीवाला माणूस येतो का? पण यंत्रावर असतो तो तोच. बाई बहुतेक करून पॅकिंगला. कारण विचारलं तर सांगतात, भरलेली बॉबिन जड असते, बायकांना झेपत नाही. उन्हाळ्यात डोक्यावर दोन हंडे आणि काखेत पोर घेऊन चढ चढणारी बाई हे ऐकून घेते. तिला हसू येत असेल तर ती ते पदरात दाबते.

धाग्याचं काम बायकांचं नाही, हा शोध तसा अलीकडचा. गिरणगावात वाइंडिंग आणि रिळिंग ही बायकांचीच खाती होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतल्या साधारण पाचांत एक कामगार बाई होती. त्यांच्यावर देखरेख करणारी मुकादम बाईच असे, तिला नायकीण म्हणत. या बायकांना प्रशिक्षण कोणी दिलं? नणंदेनं, शेजारणीनं, गाववालीनं. पहिले काही दिवस तिच्या बाजूला उभं राहायचं, धागा तुटला की तिने कसा जोडला ते बघायचं, मग आपण जोडायचा. याला मराठीत उमेदवारी म्हणतात. खातं समोर होतं म्हणून हात तयार झाला. हात आधी तयार करून मग खातं शोधत हिंडायची पद्धत तेव्हा निघालेली नव्हती.

मग त्या बायका कमी कशा झाल्या? हळूहळू, आणि बऱ्याच अंशी त्यांच्याच भल्यासाठी. १८९१ च्या कायद्याने बायकांच्या कामाचे तास अकरावर आणले, पुढे रात्रपाळी बंद झाली आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा आला. हा कायदा हवाच होता. आदल्या वर्षी विधिमंडळात त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते आणि त्यांचा मुद्दा सरळ होता: बाळंतिणीला विश्रांती मिळाली पाहिजे आणि तिचा भार काही अंशी मालकाने उचलला पाहिजे. मालकांनी मुद्दा नीट ऐकला, बोटांवर हिशेब केला आणि भार उचलण्यापेक्षा बाईच उचलून बाहेर ठेवणं स्वस्त पडतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. पुढे नवी यंत्रं आली, खाती आटली आणि बायका घरी गेल्या. घरी जाऊन त्यांनी खाणावळी चालवल्या. गिरणीतला पुरुष त्यांच्या हातचं जेवून गिरणीत जात राहिला. जेवण करणं हे अर्थातच कौशल्य नव्हे.

हाच हिशेब स्वतंत्र भारतात कलमांत बसला. १९४८ चा कारखाने कायदा उघडा. तीसपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघर हवं, असं त्याचं अठ्ठेचाळीसावं कलम सांगत असे. आता तुम्ही मालक आहात असं धरून चला. तीस बायका ठेवल्यात, काही भानगड नाही. एकतिसावी आली की तिच्याबरोबर एक खोली येते, पाळणे येतात, आया येते, दूध येतं. एकतिसाव्या बाईचा पगार तोच, पण ती सगळ्यांत महाग. तिला फाटकावर काय सांगत असतील? ‘जागा नाही.’ खोटं तरी कसं म्हणावं? पाळण्याची जागा खरंच नव्हती.

सहासष्टावं कलम आणखी काळजीवाहू होतं. बायकांनी सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करू नये. राज्यांनी फारच ढील दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच मनाईच. धाग्याची यंत्रं चोवीस तास चालतात, ती थांबवणं परवडत नाही, आणि या धंद्यात आठ ते आठच्या बारा तासांच्या पाळ्या सर्रास. म्हणजे दिवसपाळीची बाईसुद्धा संध्याकाळी सात वाजता बेकायदा होई. शेवटच्या तासाला तिने यंत्राजवळ उभं राहून काय करायचं? बाविसाव्या कलमाप्रमाणे चालू यंत्राला तेलपाणी करणंही तिला वर्ज्य होतं. घरी मात्र चालू नवऱ्याला तेलपाणी करायला कुठल्याच कलमाची हरकत नाही.

कायदा आता सुधारला, हेही सांगायला हवं, नाहीतर पत्रं येतील. २०१७ पासून पाळणाघराचा हिशेब बायकांच्या संख्येवर नाही. पन्नास माणसं असली की पाळणाघर हवं, मग ती सगळी मिशीवाली का असेनात. एकतिसावीची कागदावर सुटका झाली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर रात्रपाळीही खुली. संमती ती देईलही. प्रश्न पुढचा आहे: पहाटे चारला पाळी सुटली की फाटकापासून पाड्यापर्यंतचा रस्ता संमती देतो का? त्यावर दिवे आहेत का, शेअर रिक्षा आहे का, आणि रिक्षात आधीपासून बसलेले पाच जण कोण आहेत? ‘कौशल्यातली तफावत’ मोजणाऱ्या अहवालात या रस्त्याची लांबी कोणी लिहीत नाही. मोजायचीच तर ती तफावत साधारण चार किलोमीटर भरावी.

आता एक काल्पनिक मुलाखत. स्थळ डोकमर्डीच्या आसपासचं कुठलंही मंगल कार्यालय, निमित्त रोजगार मेळावा. मंडपात पंखा एक, तो पाहुण्यांकडे तोंड करून.

‘ताई, शिक्षण?’

‘बारावी. पुढचं चालू होतं, मग लगीन झालं.’

‘कामाचा अनुभव?’

‘भात लावते. नागली करते. तीन हंगाम वीटभट्टीवर होते, दिवसाला हजार विटा पाडायचो दोघं मिळून. बांबूचं विणकाम येतं. सासूची दोन बाळंतपणं केली...’

‘सासूची?’

‘म्हणजे सासूनं केलेली, मी हाताशी होते.’

‘ते ठीक आहे. पण अनुभव?’

‘हाच.’

‘म्हणजे अनुभव नाही.’ साहेब रकान्यात आडवी रेघ मारतात. ‘एखादं कौशल्य?’

‘भिंतीवर लिहिते. लग्नातला चौक.’

‘पेंटिंग! छंद या रकान्यात टाका.’

त्या छंदाबद्दल थोडं. वारली लग्नात भिंतीवर चौक लिहायचा तो सुवासिनींनी, तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने. आत पालघट देवी. लग्न लावते ती धवलेरी, तीही बाईच. म्हणजे चित्रकार बाई आणि पुरोहितही बाई. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं होतं तोवर ती कला नव्हती, ते घरकाम होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडची ही चित्रं बाहेर आणली, कला भिंतीवरून कागदावर आली आणि कागदावर आल्याबरोबर तिला पुरुष मिळाला. गंजाडचे जिव्या सोमा मशे फार मोठे चित्रकार, त्यांच्या रेषेबद्दल वाद नाही. २०११ ची पद्मश्री त्यांना मिळाली याचा आनंदच आहे. पण ज्यांच्या भिंती बघून ती रेषा सुरू झाली, त्या सुवासिनींपैकी एकीचं नाव सांगा बघू. आता वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि बायकांना वारली चित्रं शिकवणारे वर्ग निघतात. तीन महिन्यांत प्रमाणपत्र. आजीला ते मिळायचं नाही. तिची हजेरी भरत नाही.

मुंबईत १९६७ साली वरळीला श्रमिक विद्यापीठ निघालं होतं, देशातलं पहिलं. कल्पना गोड होती. कामगाराला त्याच्या कामाजवळ, त्याच्या वेळेत, त्याला हवं ते शिकवायचं. पुढे देशभर अशी केंद्रं झाली. २००० मध्ये त्यांचं नाव जनशिक्षण संस्थान झालं, २०१८ मध्ये ती कौशल्य मंत्रालयाकडे गेली. आज तिथे शिकणाऱ्यांत बहुसंख्य बायका आहेत. नावातून श्रमिक गेला आणि वर्गात बाई आली, हा योगायोग मी नुसता नोंदवून ठेवतो.

जुन्या बायका मात्र शिकवण्याच्या बाबतीत फार व्यवहारी होत्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये टाकलेल्या बायकांना काय शिकवलं? इतर कामांबरोबर छापखानाही. खिळे जुळवणं हे तेव्हा पुरुषाचं काम. रमाबाईंनी खिळे जुळवणाऱ्या बायका तयार करून दुसऱ्यांच्या छापखान्यांकडे अर्ज धाडले नाहीत. छापखाना घरचाच होता, शिकायचंही तिथे आणि कामही तिथेच. त्यांनी मराठीत केलेलं बायबल तिथेच छापलं गेलं, १९२४ मध्ये पुरं झालं. तोवर रमाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, पण यंत्र चालू होतं. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने बायकांना परिचारिकेचं शिक्षण घ्यायला ससूनमध्ये पाठवलं तेव्हा त्या मुलींच्या राहण्याची सोयही केली. वसतिगृह आणि वर्ग ही एकाच कामाची दोन अंगं आहेत, हे १९०९ साली संस्था काढणाऱ्या बाईला कळत होतं. तिच्याकडे सल्लागार कंपनी नव्हती, म्हणून कळलं असावं.

आपल्याकडे आता कळायची साधनं जास्त आहेत. कॅगने कौशल्य योजनेची तपासणी केली आणि अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आला. ज्या लाखो नोंदी तपासल्या, त्यांतल्या ९४ टक्क्यांहून अधिक ठिकाणी बँक खात्याचा क्रमांक शून्य, ‘लागू नाही’ किंवा कोरा. लोक उगाच संतापले. जिच्या खात्यात पगार जमा व्हायचाच नाही, तिच्या खात्याचा क्रमांक घेऊन करायचं काय? त्याच अहवालात प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी ४१ टक्क्यांना काम लागल्याची नोंद आहे. उरलेल्यांपाशी प्रमाणपत्र आहे. लॅमिनेशन केलेलं असेल तर पावसाळ्यात भिजत नाही.

आणि तरीही देशाचा आकडा वर चाललाय. पंधरा वर्षांवरच्या बायकांतला श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. टाळ्या वाजवायच्या आधी आत बघितलं तर काम करणाऱ्या बायकांतल्या दोन तृतीयांश स्वयंरोजगारात, आणि त्यांतल्याही निम्म्याहून जास्त घरच्या धंद्यात किंवा शेतात बिनपगारी मदतनीस. म्हणजे नवऱ्याच्या टपरीवर कप विसळणारी बाई रोजगारात आली. कप ती आधीही विसळत होती. प्रश्न विचारणाऱ्याला ती आत्ता दिसली, एवढंच.

मेळाव्यातल्या त्या काल्पनिक ताईंचं पुढे काय झालं, तेही काल्पनिकच सांगतो. अनुभव नाही म्हणून त्यांना शिवणाच्या वर्गाला घातलं. त्या शिकल्या, हात मुळात तयारच होता. वर्षभराने केंद्राकडून फोन आला, रकाना भरायचा होता.

‘ताई, नोकरी लागली का?’

‘लागली.’

‘अरे वा! कुठे?’

‘तुमच्याच केंद्रात. शिवण शिकवते.’

‘छान, छान. वर्गात मुली किती?’

‘तीस. काल एकतिसावी आलेली. जागा नाही म्हणून परत पाठवली.’